गुल्हाने सर आणि पवनचे पाय

गुल्हाने सरांना कुणी वेळ विचारली की ते आधी उलट विचारायचे, "काऊन, तुमचं घड्याळ काय म्हणते?" समोरच्यानं सांगितलं की स्वतःच्या मनगटाकडे बघायचे, आणि दोन्हींवर भरवसा नसल्यासारखे भिंतीवरच्या घड्याळाकडे वळायचे. माझी त्यांची ओळख अशीच झाली. आर्वीहून पहिल्या एसटीनं रोहण्याच्या पलीकडच्या त्या गावी मी शिकवायला जाऊ लागले तेव्हा नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं. मराठीला बाई मिळाल्या म्हणून सगळ्यांनी चहा पाजला. गुल्हाने सरांनी एवढंच विचारलं, "बाई, आर्वी सोडून इथं काऊन आल्या?"

"तिथं जागा नव्हती," मी म्हटलं.

त्यांनी डावा डोळा बारीक केला. मग म्हणाले, "जागा तर असते."

ते शारीरिक शिक्षणाचे शिक्षक. अंगानं काटक, केस बारीक कापलेले, पायात खडूनं पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट. गळ्यातली शिट्टी लग्नाच्या पंगतीतही गळ्यातच असायची. बघताना डावा डोळा बारीक करायचे, त्यामुळे साधं 'नमस्कार' म्हणणाऱ्यालाही आपण काहीतरी लपवतोय असं वाटायचं. शाळेसमोरच्या टपरीवर ते चहा घेत, पण चहावाल्याच्या शेजारी उभं राहून. पाणी किती पडलं, दूध कधी पडलं, कालची पत्ती परत उकळली की काय, हे सगळं बघून झाल्यावर कप हातात घेत. आणि कुणी काही सांगितलं, मग ती निवडणुकीची बातमी असो की कुणाच्या मुलीच्या लग्नाची, की त्यांचं एकच वाक्य यायचं, "मले पटून नाई राह्यलं."

हा स्वभाव कुठून आला कुणालाच माहीत नव्हतं. त्यांच्या पत्नी शोभाताई एकदा हसत हसत सांगत होत्या, "मले पाहाले आले तवा यायनं माह्या बापाले विचारलं, 'दाखवून राह्यले तेच पोरगी देता नं?' माहा बाप तर उठूनच चालला होता." सर शेजारीच बसले होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "आमच्या गावात एकाले फसवलतं तसं."

मुलांचा तर ते पुरता पिच्छा पुरवायचे. मैदान चुकवायला मुलं काय काय करतात याचं त्यांच्याकडे भांडारच होतं. ताप यावा म्हणून काखेत कांदा धरणारे, पायाला उगाच चिंधी बांधणारे, पोट दुखतं म्हणून वाकून चालणारे आणि फाटकाबाहेर गेल्यावर सरळ होणारे. कुणी आजारी म्हटलं की सर आधी कपाळाला हात लावत, मग काखेचा वास घेत. एकदा आठवीतल्या मुलानं आजी वारली म्हणून सुट्टी मागितली. सर सायकलवर टांग मारून त्याच्या गावी गेले. आजी खरोखरच वारली होती. लोक तिरडी बांधत होते. सर शेवटपर्यंत थांबले, स्मशानात गेले आणि दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये काहीशा नाराजीनं म्हणाले, "खरंच होतं."

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. त्यांनी मुलावर हात उगारलेला मी कधी पाहिला नाही. त्या काळी शाळेत छडी सर्रास चालायची. आमचे मुख्याध्यापकच टेबलाखाली दोन ठेवायचे. मी सरांना कारण विचारलं होतं. मला वाटलं, काहीतरी दयेबियेचं बोलतील. ते म्हणाले, "मारलं का पोट्टा खरं नाई सांगत. सुटाले पाह्यते फक्त."

गावात किसनशेठचं किराणा दुकान होतं. तीन पिढ्यांचं दुकान, अख्खं गाव तिथूनच सामान नेणारं. एका संध्याकाळी गुल्हाने सर शाळेतला गोळाफेकीचा लोखंडी गोळा पिशवीत घालून तिथं गेले. गोळ्यावर त्याचं वजन कोरलेलं होतं. गिऱ्हाईकं उभी असताना त्यांनी तो सरळ तराजूच्या पारड्यात ठेवला आणि म्हणाले, "तोला." किसनशेठचा चेहरा लाल झाला. पण त्यानं दुसऱ्या पारड्यात वजनं टाकली. काटा बरोबर मधोमध उभा राहिला. लोक हसले. सरांनी गोळा उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "मग गोळाच कमी असन."

किसनशेठ त्या दिवशी काही बोलला नाही, पण तीन पिढ्यांच्या दुकानावर भर बाजारात संशय घेतला, हे तो विसरलाही नाही. पुढं जे झालं त्यात हा गोळा सरांच्या अंगावर आला.

ते थंडीचे दिवस होते. तालुक्याच्या क्रीडास्पर्धा तोंडावर आल्या होत्या आणि गावात तापाची साथ होती. वर्गात निम्मी बाकं रिकामी, उरलेल्या बाकांवर खोकला. किसनशेठचा धाकटा मुलगा पवन पाचवीत होता. चारचौघांत उठून दिसणारा, नकला करण्यात पटाईत. स्नेहसंमेलनात त्यानं गुल्हाने सरांची नक्कल केली होती, डावा डोळा बारीक करून, शिट्टी वाजवत. सगळी शाळा हसली होती. सरही हसले होते, पण नंतर मला म्हणाले, "याले कोनं शिकवलं असन?"

पवनलाही ताप आला. ताप उतरला तसा तो शाळेत आला. सकाळची कवायत चालू होती, मी पहिल्या तासाची वह्या-पुस्तकं घेऊन व्हरांड्यात उभी होते. पवन फाटकातून आत आला तो चवड्यांवर. दोन्ही टाचा उचललेल्या, गुडघे ताठ, हात जरा पसरलेले. एखादं मूल आईच्या उंच टाचांच्या चपला घालून चालतं तसा. मुलं खिदळली. त्यांना वाटलं, आज नवी नक्कल आहे. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं.

सरांनी शिट्टी तोंडातून काढली. "टाचा टेक."

"टेकत नाई सर. दुखते."

"काय दुखते?"

"पोटऱ्या."

सरांनी त्याच्या कपाळाला हात लावला. कपाळ थंड होतं. "ताप तर गेला. ताप होता तवा दुखत होत्या?"

"नाई. आज सकाळी उठलो तवापासून."

"ताप होता तवा पाय बरे, अन् ताप गेला तं पाय दुखून राह्यले?" सर वळून बाकीच्या मुलांकडे पाहत म्हणाले, "मले पटून नाई राह्यलं." मुलं पुन्हा हसली. पवनही जरासा हसला. त्या हसण्यानंच सगळं बिघडवलं असावं. सर म्हणाले, "चाल, पळ सगळ्यायसोबत. पाय मोकळे होईन."

पवन पळाला. चवड्यांवरच, उड्या मारल्यासारखा. पुढच्या मुलांपासून मागं पडला, गोलपोस्टजवळ खाली बसला. सरांनी शिट्टी मारली, तो उठला, पुन्हा पळाला, पुन्हा बसला. शेवटी दोन मुलांच्या खांद्यांवर हात टाकून तो वर्गापर्यंत आला आणि मधल्या सुट्टीतच घरी गेला.

दुसऱ्या दिवशी शाळा भरून तास सुरू झाले होते तोच फाटकाशी गलका झाला. किसनशेठचा भाऊ आणि आठ-दहा माणसं मैदानात आली. पवनला संध्याकाळी गावातल्या डॉक्टरनं दुखण्याचं इंजेक्शन दिलं होतं. सकाळी त्याला उभंच राहता येईना. पोटऱ्या फुगून कडक झालेल्या, हात लावला की ओरडायचा. आणि लघवी झाली ती कोऱ्या चहासारखी काळपट लाल. किसनशेठ त्याला जीपमध्ये घालून वर्ध्याच्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेला होता.

"कुठं मारलं त्याले?" भावानं विचारलं.

"मी हात नाई लावला," सर म्हणाले.

"मंग लघवीतून रक्त काऊन जाऊन राह्यलं? पाय काऊन सुजले?"

"मले नाई मालूम. मी पळवलं फक्त."

"पळून कोनाचं रक्त जाते का?"

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "तराजूचा राग पोरावर काढला यानं." आणि ते वाक्य सगळ्यांनी उचललं. सर पुन्हा पुन्हा सांगत होते, हात लावला नाही, मुलांना विचारा. मुलांना विचारलं. मुलं घाबरली होती. ती म्हणाली, पवन पडला होता, सर शिट्टी मारत होते. मुख्याध्यापकांनी सरांना खोलीत बोलावून सांगितलं, "तुमी घरी जा गुल्हाने. वातावरण शांत होऊ द्या." सरांनी विचारलं, "तुमाले तरी पटते नं, मी मारलं नाई म्हणून?" मुख्याध्यापक कागद चाळायला लागले.

जन्मभर लोकांचं म्हणणं तपासून घेणारा माणूस त्या दिवशी मैदानातून सायकल हातात धरून चालत गेला. त्याचं एक वाक्य कुणी खरं धरायला तयार नव्हतं.

माझं माहेर वर्ध्याचं. शाळेतर्फे कुणीतरी जाऊन मुलाला बघून यावं असं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं. पुलगावच्या स्टँडवर गाडी बदलताना पाहिलं तर मागच्या बाकावर गुल्हाने सर. गळ्यात शिट्टी नव्हती.

मुलांच्या वॉर्डात पवन सलाइन लावून पडलेला होता. खाटेशेजारी त्याची आई, पायाशी किसनशेठ. सरांना बघताच तो उठला. त्याची बायको म्हणाली, "इथं नाई. लेकराजवळ नाई." सर दारातच थांबले.

तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, सावकाश बोलणाऱ्या. गेले दोन दिवस त्यासुद्धा संशयानंच सगळं विचारत होत्या, हे आईनं मला सांगितलं. पडला का, कुणी मारलं का, साप चावला का, घरात फवारणीचं औषध होतं का, इंजेक्शन कसलं दिलं. एक-एक गोष्ट त्या खोडत आल्या होत्या. मुलाचे पाय गेले म्हटल्यावर पोलिओची शंकाही घ्यावी लागते म्हणून शी तपासायला पाठवली होती. अंगावर माराचा वळ कुठंच नव्हता, हे त्यांनी किसनशेठला स्पष्ट सांगितलं होतं. किसनशेठला ते पटलं नव्हतं. माझ्या कानाशी तो म्हणाला, "शिकलेले लोक एकमेकायले सांभाळून घेते बाई."

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बाहेरच्या खोलीत बोलावलं. सरांना विचारलं, "तुम्हीच का ते सर?"

"हो."

"काय झालं ते सांगा. सगळं."

सरांनी सांगितलं. चवड्यांवर चालत आला, कपाळ थंड होतं, पळवलं, किती वेळा बसला, किती वेळा उठवलं. काही गाळलं नाही.

मग बाईंनी समजावलं. ताप विषाणूचा होता. मोठ्यांना त्यात अंगदुखी होते, ती आपण अंगावर काढतो. पण काही मुलांमध्ये ताप उतरायला लागला की तो आजार पोटऱ्यांच्या स्नायूंवर येतो. टाच टेकवली की स्नायू ताणला जातो, म्हणून मूल चवड्यांवर चालतं. बहुतेक मुलं चार-सहा दिवसांत आपोआप बरी होतात. एखाद्याच्या बाबतीत मात्र स्नायू फुटायलाच लागतात आणि त्यातलं लाल द्रव्य रक्तात उतरतं. "लघवीत दिसलं ते रक्त नव्हतं. आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, रक्ताच्या पेशी नव्हत्याच. तो स्नायूंचा रंग आहे. तो मूत्रपिंडात जाऊन बसला तर मूत्रपिंड बंद पडू शकतं. म्हणून एवढं सलाइन. लघवी होतेय, रंग उतरतोय. आज बरं आहे. उद्याचं उद्या."

सर खाली बघत ऐकत होते. "ताप गेल्यावर पाय दुखते, असं असते?"

"असंच असतं. म्हणून तर लोकांना ते खोटं वाटतं."

मग सरांनी विचारलं, "मी पळवलं नसतं तं?"

"तरी झालं असतं कदाचित. नुसत्या विषाणूनंही होतं. दुखऱ्या स्नायूंवर जोर पडला की ते वाढतं, हेही खरं. त्यात ते इंजेक्शन मूत्रपिंडाला बरं नव्हतंच. कशामुळे किती झालं, ते सांगता येत नाही."

"कदाचित म्हणजे?"

"म्हणजे कदाचित."

पवन वाचला. काही दिवसांनी लघवी स्वच्छ झाली, पोटऱ्या मऊ पडल्या, पोलिओच्या तपासणीतही काही निघालं नाही. महिन्याभरानं तो टाचा टेकवत शाळेत आला. गावातला राग हळूहळू निवला. मुख्याध्यापकांनी परिपाठाच्या वेळी सांगून टाकलं की हा विषाणूचा प्रकार होता, शाळेचा त्यात काही दोष नाही. स्टाफरूममध्ये आम्ही सरांना म्हटलं, "सुटलात तुम्ही."

सरांनी मान हलवली. "मले पटून नाई राह्यलं."

सगळे खो खो हसले. ते विनोद करत नव्हते हे मला जरा उशिरा कळलं. त्यांना निर्दोष ठरवणाऱ्या गोष्टीवरही त्यांचा विश्वास बसत नव्हता. त्यानंतर ते पुन्हा वर्ध्याला गेले, आणि मग पुन्हा. डॉक्टरीणबाईंच्या बाह्यरुग्ण विभागात मुलांच्या रांगेत बसून राहायचे आणि नंबर आला की तोच प्रश्न विचारायचे. शोभाताईंना वाटलं, यांच्या डोक्यावर परिणाम झाला. एका फेरीला मीही माहेरी होते म्हणून सोबत गेले. बाई त्या दिवशी थकलेल्या दिसत होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. "सर, मी तुम्हाला काय सांगितलं म्हणजे तुमचं समाधान होईल?"

"खरं काय ते."

"खरं हे आहे की मला माहीत नाही. मला कधीच कळणार नाही. तुम्हालाही नाही."

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. डावा डोळा बारीक न करता. मग म्हणाले, "हे पटलं." उठले, हात जोडले आणि पुन्हा त्या दवाखान्यात गेले नाहीत.

त्याच आठवड्यात ते किसनशेठच्या दुकानात गेले. मी तिथं मेणबत्त्या घ्यायला थांबले होते. सर गिऱ्हाईकांसमोरच बोलले, आवाज न चढवता. "शेठ, मी पवनले मारलं नाई. पण तो पाय दुखते म्हणत होता, अन् मी पळवलं. दोनदा बसला तं दोनदा उठवलं. ते मी केलं."

किसनशेठ पुड्या बांधत होता. दोऱ्याची गाठ मारून झाल्यावर तो म्हणाला, "डॉक्टर तं म्हणे, तुमचं काही नाई त्यात."

"डॉक्टरले मालूम नाई. मले बी नाई. म्हणून तुमाले सांगून राह्यलो."

किसनशेठनं वर पाहिलं. "सामान काय पाह्यजे?" त्यानं विचारलं.

सरांनी साखर मागितली. साखर पारड्यात पडली, काटा हलून थांबला. सवयीनं सरांची नजर काट्यावर गेलीच. किसनशेठनं ती नजर पाहिली. पुडी बांधायला हात पुढं केला होता, तो त्यानं मागं घेतला आणि सरांचं पाहून होईपर्यंत थांबला.

माफी कुणी दिली नाही, कुणी मागितलीही नाही. पवनला मात्र घरच्यांनी पुढं आर्वीच्या शाळेत टाकलं.

सर तसे बदलले नाहीत. चहा उभं राहूनच घेत राहिले, बातम्या तपासतच राहिले. फरक पडला तो एवढाच की मैदानाच्या कडेला निंबाखाली त्यांनी एक सतरंजी टाकली. कुणी पाय दुखतो म्हटलं की तो सतरंजीवर. वर पुन्हा सगळ्यांदेखत विचारायचे, "लघवी कशी झाली सकाळी? रंग कसा होता?" मोठ्या मुली लाजून पळायच्या, मुलं तोंड दाबून हसायची. त्यांना नवं टोपणनावही पडलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. सरांना ते माहीत होतं. साथीच्या दिवसांत ते वर्गावर्गांत जाऊन मुलांना खोलीभर चालायला लावायचे आणि गुडघ्यांवर बसून त्यांच्या टाचा बघायचे. एकदा एका मुलीला त्यांनी स्वतः सायकलवर बसवून दवाखान्यात नेलं. तिच्या पायात काटा निघाला.

ही सवलत मुलांनी वापरली नसती तरच नवल. पुढं पुढं सतरंजी पुरेनाशी झाली.

ते निवृत्त झाले तेव्हा नवं शतक सुरू होऊन चार-पाच वर्षं झाली होती. हॉलमध्ये शाल-श्रीफळाची तयारी झाली होती, पाहुणे येऊन बसले होते आणि सत्कारमूर्तीचाच पत्ता नव्हता. मी मैदानावर गेले. सातवीचा खो-खो चालू होता. सर निंबाखाली सतरंजीवर मांडी घालून बसले होते, शेजारी एक गुटगुटीत मुलगा खिशातले शेंगदाणे खात होता.

"सर, चला. सगळे थांबलेत."

"याचा पाय दुखते," सर म्हणाले.

मी त्या मुलाला ओळखत होते. सकाळीच तो माझ्या वर्गाबाहेरच्या चिंचेवर चढला होता. मी सरांना तसं सांगितलं.

"मले मालूम हाये. खोटं बोलून राह्यला तो."

"मग बसवलं काऊन?"

सर माझ्याकडे वळले. "खोटं बोलून राह्यला," ते सावकाश म्हणाले, "असं मले वाटते."

हॉलमधून माइकवर त्यांच्या नावाचा पुकारा झाला. ते उठले नाहीत. "हा डाव होऊ द्या, बाई. येतोच मी. तुमी जा." शोभाताईंना घेऊन ते त्याच महिन्यात हिंगणघाटला मुलीकडे राहायला गेले आणि नंतर आमची गाठ पडली नाही. त्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर राहतं ते हॉलच्या पायऱ्यांवरून मागं वळून पाहिलं तेव्हाचं. मैदानात कुणीतरी बाद झालं होतं आणि सतरंजीवर सर आणि तो मुलगा भांडत होते. मुलगा म्हणत होता, हात लागला. सर म्हणत होते, लागला नाही, मी बघत होतो. मुलानं पुढ्यातले शेंगदाणे त्यांच्याकडे सरकवले, सरांनी त्यातला एक उचलला, उलटा करून पाहिला, आणि तोंडात टाकला.